मामा, दीर आणि नोंदणीकृत नर्स

सांगलीच्या एस.टी. स्टँडवर मी नुसती शिंकले तरी तीन बाजूंनी तीन नर्सा धावत येतात आणि त्यातल्या एकीच्या पिशवीत बीपीचं यंत्र निघतंच. बढाई समजू नका. बढाई मारायची असती तर सात म्हटलं असतं. एकतीस वर्षं नर्सिंगच्या शाळेत शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि आता घरात दुसरं कुणी शिकणारं नसल्यामुळं सुरकुती न पाडता पलंगावर चादर कशी घालायची हे नवऱ्याला शिकवते आहे. प्रगती बेताची आहे.

लोकांना वाटतं, पांढरे कपडे चढवले आणि सुई टोचता आली की झाली नर्स. असं असतं तर आमच्या गल्लीतला शिंपी केव्हाच मेट्रन झाला असता. या राज्यात नर्स म्हणून कामाला हात लावायचा तर तीन वर्षांचा कोर्स, मग परीक्षा, आणि मग राज्याच्या कौन्सिलकडं नाव नोंदवून मिळालेला नंबर लागतो. तो नंबर येत नाही तोवर मुलगी कितीही हुशार असो, कायद्याच्या लेखी ती दवाखान्यात आलेली पाहुणी. नंबर मिळाला की रजिस्टर्ड नर्स. हल्ली अर्ज ऑनलाइन असतो, म्हणजे पूर्वी खिडकीपुढं ताटकळायचो ते आता मोबाइलपुढं ताटकळतो.

त्यात आपल्याकडच्या लग्नांची एक वेगळीच तऱ्हा. मुलगी परीक्षा पास होते, नंबर यायच्या आत बोहल्यावर चढते आणि नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहितो. आठ दिवसांत सासरचे हौसेनं आधार कार्डही बदलून आणतात. मग मार्कशीटवरची सुरेखा आणि आधारवरची वैष्णवी एकच आहे, हे पटवता पटवता माझे निम्मे केस पिकले. उरलेले निम्मे एका हवालदारानं पिकवले. ती हकिगत सांगते.

हवालदार हणमंत फडतरे. गाव वडूजच्या अलीकडं. सतरा वर्षं फौजेत नर्सिंग असिस्टंट होता. पस्तिशी पुरी व्हायला दोन महिने असताना आमच्या शाळेत प्रवेशाला आला. मिशा अशा की दोन्ही टोकांना दोन थर्मामीटर आरामात टांगावेत. वर्गात पंचावन्न मुली, चार पोरगेले मुलगे आणि हा. मी वर्गात शिरले की हा ताडकन उठून सावधान उभा राहायचा, त्याचं बघून सगळा वर्ग उभा राहायचा. तीन वर्षं माझ्या तासाला कुणी जांभई दिली नाही. भिंतीवरची पालसुद्धा सरळ रेषेत चालायची.

फौजेत यानं बर्फात गोठलेले पाय वाचवले होते, धावत्या ट्रकमध्ये सलाईन लावलं होतं. निवृत्त होऊन गावी आला आणि साखर कारखान्याच्या दवाखान्यात अर्ज घेऊन गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळे कागद बघितले, चहा पाजला आणि म्हणाले, हवालदार, माणूस आम्हाला असाच पाहिजे, पण राज्याचा नंबर कुठाय? कोर्स करून नंबर घेऊन या. तीन वर्षं जागा धरून ठेवतो. चौथ्या वर्षी मात्र थांबता येणार नाही.

म्हणून हा पुन्हा बाकावर बसला. स्वतःची लेक सातवीत असताना बापानं रात्री गुडघ्यावर वही घेऊन हाडांची नावं पाठ करायची, हे सोपं नसतं. पण गडी हुशार होता. दोन वर्षं पहिल्या पाचात आला. तिसऱ्या वर्षाला अडला तो बाळंतपणाच्या खोलीशी.

बाहेरच्यांसाठी सांगते. नर्सिंगच्या विद्यार्थ्याजवळ एक केसबुक असतं. त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं प्रत्येक बाळंतपण त्यात लिहायचं. बाईचं नाव, कळा कधी सुरू झाल्या, बाळ कधी आलं, रडलं का, वजन किती, बाळामागची वार पूर्ण पडली का, आणि खाली शिकवणाऱ्या बाईची सही. ठरलेला आकडा भरला नाही तर परीक्षेचा फॉर्म जात नाही. फॉर्म नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर नंबर नाही. आता मुलग्यांनाही हे सगळं करावं लागतं.

अशा वेळी काही ठिकाणी एक सोपी वाट असते. बाळंतपण एक आणि ते तीन वह्यांत लिहायचं. माझ्याकडं ते चालायचं नाही. एका बाळाला एकच वजन असतं आणि मला एकच सही येते.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात हणमंतच्या बऱ्याच केस झाल्या होत्या. तिथं गर्दीच एवढी की मिशा कुणाला दिसायच्या नाहीत. पाच राहिल्या होत्या. शेवटचं पोस्टिंग होतं सातारा-सांगलीच्या शिवेवरच्या एका ग्रामीण रुग्णालयात. तिथं म्हसवडकडनं बाया येतात, आटपाडीकडनं येतात, आणि बहुतेकींबरोबर एक सासू येते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा आई असते. दुसऱ्याला सासू. आई घाबरलेली असते, सासू इन्स्पेक्टर असते.

मी काय केलं, तर हणमंतला लेबर रूमच्या दाराबाहेर बसवलं. बीपी घे, सलाईन बघ, बाळाचे ठोके मोज, आणि वेळ आली की मुलींना आत पाठवून तू कात्र्या उकळ. कारण सांगितलं, सासवा काय म्हणतील. खरं बोलायचं तर सासवांनी अजून काहीच म्हटलं नव्हतं. त्यांच्या वतीनं मीच म्हणत होते. हा गडी मात्र "जी मॅडम" म्हणून कात्र्या उकळत राहिला. इतक्या उकळल्या की त्यांच्यात तोंड बघून मी कुंकू लावलं असतं.

एक दिवस प्राजक्ता चौगुले माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याची ही मुलगी, वर्गात सगळ्यात तिखट. म्हणाली, "मॅडम, हवालदारकाकांच्या पाच केस राहिल्यात आणि पोस्टिंगचे अकरा दिवस. कात्र्यांचं काही वेगळं केसबुक असतं का?"

मला राग आला. खरं ऐकलं की येतोच.

दुसऱ्याच दिवशी म्हसवडकडची एक सासू सुनेला घेऊन आली. सासू कसली, ठाणेदार. बाकावर बसली, पानाला चुना लावला आणि समोर कात्र्या पुसणाऱ्या हणमंतला सुरुवात केली. गाव कुठलं, कुणाच्यातले, आईचं माहेर कुठलं. आपल्याकडं सासवा हे पोलीसही विचारत नाहीत इतक्या बारकाईनं विचारतात. हणमंतनं फौजी शिस्तीत उत्तरं दिली. गावाचं नाव आलं आणि म्हातारीचा हात चुन्यातच थांबला.

"आरं, माझ्या सुनंचं म्हायेर तुज्या गावाच्या शिवंला शिव लागून. म्हंजे तू तिचा भाऊच की रं."

"तसंच म्हनायचं, मावशी."

"मग बहीन आत कन्हतीया आनि तू भाईर भांडी घासत का बसलायस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तासाभरात बाळ झालं, मुलगा, खणखणीत रडला. हणमंतचे हात बघून मी मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या दिल्या. असे शांत हात मी तीन आठवडे कात्र्यांवर वाया घालवले होते.

तेव्हापासून प्राजक्तानं नवी पद्धत बसवली. बाई ॲडमिट झाली की आधी माहेर विचारायचं, मग बीपी. हणमंत खोटं बोलायचा नाही, ही एक अडचण होती. पण खटाव आणि माणमध्ये खोटं बोलायची गरजच पडत नाही. कुठल्याही गावात कुणाची तरी मावशी दिलेली असते, कुणाचे साडू असतात. चार दिवसांत याची नाती अशी पसरली की आटपाडीपासून फलटणपर्यंत ज्या गावात फडतऱ्यांचं कुणी नाही, असं एकच गाव उरलं आणि ते धरणात गेलेलं होतं. बाई आत, माहेरचा भाऊ आत, सासू बाहेर निवांत. भाऊ म्हटल्यावर कुणाची हरकत? उलट एका सासूनं याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू आणले.

फक्त भाऊ झालं की मामा व्हावं लागतं. बारशाची बोलावणी यायला लागली. गड्यानं बाजारातनं एकदम सहा टोपडी आणून ठेवली, आणि ती रंगाप्रमाणं लावून ठेवली.

अशा चार केस झाल्या. एक राहिली आणि दिवसही एकच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वह्या घेऊन सांगलीला जायचं होतं, फॉर्म त्याच दिवशी भरायचे होते. त्या दिवशी सकाळपासून एकच बाई. अश्विनी तिचं नाव, दुसरी खेप. आणि माहेर निघालं थेट पाटणचं. कोयनेच्या खोऱ्यात फडतऱ्यांचं कुत्रंही कधी गेलं नव्हतं. प्राजक्तानं अर्धा तास उलटसुलट विचारून पाहिलं. पाटणचा एक जण हणमंतच्या पलटणीत होता, एवढंच हाताला लागलं. तेवढ्यावर भाऊ होता येत नाही.

तरी हणमंत सकाळी आठपासून त्या पोरीच्या उशाशी होता. कळ आली की श्वास कसा घ्यायचा ते दाखवायचा, कमरेला गरम पाण्याची पिशवी धरायचा, दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकून लिहायचा. ती घाबरली की कुठल्या तरी बर्फातल्या ठाण्यावरची खेचराची गोष्ट सांगायचा. त्या खेचरालाही म्हणे ताप आला होता आणि यानं त्याच्या कानात थर्मामीटर घातला होता. अश्विनी कळा देता देता हसायची.

दुपारी दोनला तिची सासू डबा घेऊन आली. आणि इथं हणमंतनं आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. माहेरचं जमेना म्हणून सासरचं काढलं. म्हणाला, तुमच्या गावात आमची आत्या दिलीय.

सासूनं डबा खाली ठेवला. कोणती आत्या, कुणाच्या घरात, सगळं काढलं. मग बोटांवर हिशेब मांडला. असा हिशेब तिनं मांडला की आमच्या शाळेत औषधाच्या डोसाचा कुणी तसा मांडत नाही.

"तुमची आत्ती म्हंजे माझी चुलत जाऊ. जावंचा भाचा त्यो माझा भाचा. माझा भाचा म्हंजे माझ्या पोराचा भाऊ, आनि वयानं थोरला. म्हंजे तुमी हिचं थोरलं दीर."

थोरला दीर. ज्याच्यापुढं सुनेनं पदर सोडायचा नसतो, ज्याच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नसतं, त्यानं बाळंतपण करायचं? सासूनं सुनेच्या तोंडावर चादर ओढली आणि हणमंतला अदबीनं, अहोजाहो करून, बाहेर काढलं. इतके दिवस नात्यांनी दार उघडलं होतं. त्याच नात्यानं ते लावून घेतलं.

तो बाहेर बाकावर जाऊन बसला. चिडला नाही, विनवण्या केल्या नाहीत. केसबुक मांडीवर होतं. शेवटचं पान कोरं होतं. मी जवळ गेले तर म्हणाला, "मॅडम, चूक माझी हाय. ड्यूटीवर पावनं-रावळं काढायचं न्हवतं."

मग मी सासूला समजवायला लागले. एकतीस वर्षांचा अनुभव, सगळी अस्त्रं काढली. म्हटलं, आवं, हा परीक्षेचा प्रश्न आहे. म्हटलं, सरकारी नियम आहे, मोठ्या दवाखान्यात पुरुष डॉक्टर असतातच की. त्यावर म्हणाली, ते परके असतात, हा घरचा आहे. म्हटलं, मी स्वतः उभी राहते. ती म्हणाली, तुमी हुबंच ऱ्हावा, तुमीच करा. म्हातारी तसूभर हलत नव्हती आणि मी वाकून वाकून बोलत होते. एवढी मी माझ्या सासूपुढंही कधी वाकले नव्हते.

तेवढ्यात आतून आवाज आला. कळ नुकतीच ओसरलेली असावी, कारण आवाज स्वच्छ होता.

"मॅडम, बाळ मला हुतंय का सासूबाईंला?"

मी आत गेले. अश्विनीनं तोंडावरची चादर काढून टाकली होती. घामानं केस कपाळाला चिकटले होते.

"मगापासनं तुमी त्येंलाच इचारताय. मला इचारा की."

तुम्हाला सांगते, कित्येक मुलींना मी बाळंतपण शिकवलं. पेशंटची परवानगी घ्या, असं फळ्यावर लिहून दिलं, परीक्षेत त्याचे गुण दिले. आणि इतकी वर्षं लेबर रूमच्या दारात ही परवानगी मी मागत आले ती सासूकडं, आईकडं, नवऱ्याकडं, एकदा तर गावच्या सरपंचाकडं. टेबलावरच्या बाईला विचारावं हे मला सुचलं नव्हतं. जिनं सुचवलं ती दहावी पास होती आणि पुढची कळ यायला तिला दोन मिनिटं होती.

मी विचारलं, "अश्विनी, हणमंत फडतरे तुझं बाळंतपण करतील. चालेल?"

"चालंल. सकाळधरनं त्येच हायती."

सासू दारातून म्हणाली, "आगं, दीर हायती ती तुजं."

"आसू द्या. आत्ता नर्स हायती."

मी हणमंतला हाक मारली. तो ऐकत होताच. उठला, हात धुवायला गेला. नियमाप्रमाणं जेवढा वेळ धुवायचे तेवढाच वेळ धुतले, एक सेकंद कमी नाही. मला मात्र तो वेळ पंचवार्षिक योजनेएवढा वाटला.

बाळाचं डोकं आलं आणि मानेभोवती नाळेचा वेढा दिसला. असं होतं पुष्कळदा, पण विद्यार्थी अशा वेळी गोठतात. माझा हात आपोआप पुढं गेला. हणमंतनं मान न वळवता, "वेढा हाय मॅडम, सैल हाय," म्हटलं, वेढ्याखाली बोट घातलं आणि तो डोक्यावरून अलगद उतरवला, लेकराच्या गळ्यातनं दप्तर काढावं तसा. मी हात मागं घेतला. सव्वातीन वाजता मुलगी झाली. पहिल्यांदा रडली ती अशी की बाहेर उभी असलेली ॲम्ब्युलन्स म्हणे आपोआप सुरू झाली.

वार पूर्ण पडली, रक्तस्राव बेताचा, बीपी ठीक. हणमंतनं सगळं तपासून सांगितलं, "झालं. आता आराम." आणि तेवढं ऐकल्याबरोबर अश्विनीनं पायाशी पडलेली चादर उचलून डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढली. आतून म्हणाली, "भावजी, सासूबाईंना सांगा, मुलगी झाली म्हनून."

काम संपलं होतं, आता तो दीर होता.

सासूनं नात मांडीवर घेतली, उलटी-सुलटी करून नीट बघितली आणि हणमंतला म्हणाली, "वजन किती भरलं म्हनायचं?" त्यानं सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून घेतलं, गावात सांगायला. मग त्यानं केसबुक माझ्यापुढं धरलं. मी सही केली. तेवढी सुबक सही मी स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीतही केलेली नाही.

परीक्षा झाली, निकाल लागला. हणमंत पास झाला, चांगल्या गुणांनी. मग ऑनलाइन अर्जाचा जो जाच असतो तो झाला. फोटो मोठा, फोटो छोटा, कागद पुसट. प्राजक्तानं तिचा आणि त्याचा अर्ज शेजारी शेजारी बसून भरला. तिचा नंबर आधी आला आणि पुढचे नऊ दिवस तिनं त्याच्याकडून स्वतःला "सीनियर" म्हणवून घेतलं.

आणि मग एके सकाळी हा माझ्या दारात. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पाकिटात सर्टिफिकेट. मी चष्मा लावून नंबर मोठ्यानं वाचला, एकेक आकडा सुटा करून. तो दारातच सावधान उभा. शेवटचा आकडा वाचेपर्यंत हलला नाही. मिशांची टोकं मात्र थरथरत होती, किंवा वारा असेल.

चहा घेताना म्हणाला, कारखान्यावर जाऊन आलो. जागा तिसऱ्या वर्षापर्यंत धरून ठेवली होती मोठ्या डॉक्टरसाहेबांनी. सोमवारी रुजू व्हायचं. साहेबांनी विचारलं, पुरुषांचा वॉर्ड देऊ का?

"मग तू काय म्हणालास?"

"बाळंतिणींचा द्या म्हनलं. पाच वर्सं तिथं नर्स न्हाई."

"छान केलंस. आणि साहेब?"

हणमंतनं कप खाली ठेवला.

"साहेब म्हनले, माझी हरकत न्हाई हवालदार. पण येनाऱ्या बायांच्या सासवांना एकदा इचारून बघतो."

मी आत गेले, पर्स घेतली, चपला घातल्या. नवऱ्याला सांगितलं, चादर राहू दे, गाडी काढ. कारखान्यावर जायचंय. तिथल्या साहेबांचा एक धडा शिकायचा राहिलाय.